इतिहासकार व्हायचंय? एका रविवारचं काम

मंडळी, इतिहासकार व्हायला आता मोडी लिपी यावी लागत नाही की कॉलेज करावं लागत नाही. एक फॅमिली ग्रुप आणि चढा आवाज, बास. मी परवाच्या रविवारी मिसळ खाताखाता आमच्या दादाकडून (चुलतभाऊ, वयाने मोठा, त्यामुळे बोलायची सोय नाही) शिकून आलोय.

निष्कर्ष आधी काढायचा. पुरावा सापडला तर मागून चिकटवा, नाही सापडला तर इंग्रजांनी लपवला.

नाशिकच्या आनंदवल्लीवरून, म्हणजे राघोबा-आनंदीबाईंच्या गावावरून जाताना 'ध चा मा' सांगायचाच. तो कागद पाहिला कोणी, असं कोणी विचारलं तर त्याला चहा पाजा.

पांडवलेणीला गेलात तर सेल्फी काढून खाली उतरा. ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक प्राकृतात कोरून घेतलंय, त्यात अर्जुन-भीमसेन येतात ते फक्त उपमेपुरते, पण हे वाचत बसलात तर 'पांडवांनी एका रात्रीत खोदली' हे कसं सांगणार? इतिहासवाले तर त्या माउलीलाही सोडत नाहीत. आईने केलेलं कौतुक किती धरायचं हे आपल्याला घरीच कळतं, म्हणून ते दुसरीकडे पडताळून बघतात. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. म्हणजे मुलाने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा बीमोड केल्याचं म्हातारी खरं सांगत होती! पण एवढा उपद्व्याप कोण करतं, फॉरवर्ड दाबा.

आता मुख्य टीप. घरातले जुने कागद अजिबात ठेवू नका. आमचा पंचवटीतला वाडा यंदा बिल्डरला दिला, माळ्यावर लाल रुमालात बांधलेली मोडीची दप्तरं होती, आजोबा दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहायचे, वाचता त्यांनाही येत नव्हती पण हात लावू द्यायचे नाहीत कोणाला, आणि ह्या दादाने ती सगळी भंगारवाल्याला किलोवर घातली, का तर वाळवी लागलीय आणि मोडी येते कोणाला! त्याच रात्री ग्रुपवर ह्याचा मेसेज, 'आपल्या घराण्याचा इतिहास दडपला गेला', खाली तीन झेंडे. मी लिहिलं, दादा कशावरून? तर म्हणे तुला पूर्वजांचा अभिमान नाही. वर वहिनीचा अंगठा.

अरे दडपला कोणी? तूच ना! इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून असलीच दप्तरं गोळा करत फिरले, १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढे बावीस झाले, आणि आपण टेम्पोत भरून देतो. त्या रुमालात पराक्रमाचं एक अक्षर नसेलही. कोणाचं कर्ज, विहिरीतला वाटा, बाजरीचा भाव, भाऊबंदकी, हेच असणार. पण त्यावरूनच कळतं ना माणसं जगत कशी होती! तुम्हाला ते नकोच आहे, तुम्हाला फक्त मिरवायला तलवार पाहिजे आणि चिडायला कोणीतरी पाहिजे, आणि 'कशावरून' विचारलं की तुमचा अपमान होतो. लाज वाटायला पाहिजे.

कोणाच्या माळ्यावर अजून असेल काही तर निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा, मोडी वाचणारे आहेत अजून.

आणि दादा, वाचत असशील तर त्या भंगारवाल्याचा नंबर पाठव. आजच.