मांजर खोकतंय म्हणजे केसांचा गोळाच, हे आधी डोक्यातून काढा

सध्या सोलापुरातल्या मांजरवाल्यांच्या ग्रुपमधे एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: मांजर खोकलं तर घाबरू नका, पोटात केसांचा गोळा झालेला असतो, चमचाभर तूप नाहीतर एरंडेल पाजा, संध्याकाळी ओवा-कापराची धुरी द्या, तरी थांबलं नाही तर लहान मुलांचं सर्दीखोकल्याचं सिरप अर्धा चमचा द्या, मांजर खातंपितं असेल तर डॉक्टरची गरज नाही, आणि खोकला महिनाभर राहिलाच तर मांजर बाहेर सोडून या कारण घरच्यांना दमा लागतो. लिहिणाऱ्याला मांजरांची काळजी असेलही, पण यातल्या एका सल्ल्याने मांजर मरू शकतं, एकाने न्यूमोनिया होऊ शकतो, एकाने दम्याचा अटॅक येऊ शकतो, आणि बाकीच्यांमुळे खरा आजार महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेते, फक्त मेसेजमधल्या क्रमाने नाही.

सिरपपासून सुरू करते, कारण आज रात्रीच कुणीतरी ते देणार असेल. मेडिकलमधे मिळणाऱ्या लहान मुलांच्या सर्दी-ताप-खोकल्याच्या बऱ्याच सिरपमधे पॅरासिटामॉल असतं. आपलं लिव्हर ते निकामी करून बाहेर टाकतं, मांजराच्या लिव्हरमधे त्यासाठी लागणारं एन्झाइम जवळपास नसतंच, मग त्याचं विष रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जातं आणि ते रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हिरड्या चॉकलेटी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. हिशोब करून बघा. 5 मिलीत 125 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या बाटलीतला अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली, म्हणजे साधारण 62 मिलीग्रॅम. 4 किलोच्या मांजराला ते किलोमागे 15 मिलीग्रॅमच्या वर पडतं, आणि किलोमागे 10 मिलीग्रॅमला सुद्धा मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या माणसाची 500 ची एक गोळी तर मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. कुणी आधीच पाजलं असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, बाटली सोबत घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा, त्यावर अ‍ॅसिटाइलसिस्टीन नावाचा उतारा आहे पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोग. आणि "आमच्या सिरपमधे पॅरासिटामॉल नाही, मी वाचलं" म्हणणाऱ्यांना सांगते, त्यात नाक मोकळं करायची जी औषधं असतात ती पण मांजराच्या हृदयाला आणि बीपीला झेपत नाहीत, आणि खोकला नुसता दाबून आत आवळलेली श्वासनलिका उघडत नाही.

आता मुख्य गोष्ट, केसांचा गोळा. केसांचा गोळा ही खरी गोष्ट आहे, मांजर स्वतःला चाटतं, केस पोटात जातात आणि कधीतरी ते ओकून काढतं, लांब केसांच्या मांजरांमधे जास्त. पण ती ओकारी असते. पोट आणि बरगड्या जोरजोरात आत-बाहेर होतात, मांजर मागेपुढे सरकतं, घशातून घुळघुळ आवाज येतो आणि शेवटी लांबट ओला केसांचा बोळा नाहीतर फेस, अन्न असं काहीतरी जमिनीवर पडतं. खोकला वेगळा दिसतो आणि एकदा नीट बघितला की परत कधी गोंधळ होत नाही. पूर्व भागात माझी मावशी राहते, खाली मागाचा कारखाना आणि वर घर, तिची चंपी जिन्यात बसल्याबसल्या अशीच खोकायची. आधी चारही पाय पोटाखाली घेऊन एकदम जमिनीला चिकटायची, कोपरं बाहेर, मान पुढे लांब ताणलेली, तोंड किंचित उघडं, मग सलग सात-आठ कोरडे ठसके, शिट्टीसारखा बारीक आवाज, शेवटी एकदा गिळायची, जीभ फिरवायची आणि उठून काही झालंच नाही अशी खाली निघून जायची. जमिनीवर काहीही पडलेलं नसायचं. मावशी म्हणायची "अडकलाय गोळा, निघंना झालाय". असं पुन्हापुन्हा होत असेल आणि दरवेळी बाहेर काहीच पडत नसेल तर पोटाकडे नका बघू, फुप्फुसाकडे बघा. मांजराला सलग आठवडाभर जरी खोकला राहिला तरी तो साधा म्हणून सोडून द्यायचा नसतो.

मांजरांमधे जुनाट खोकल्याची मोठी कारणं म्हणजे दमा आणि श्वासनलिकांची जुनी सूज. माणसासारखाच दमा, हवेतल्या कशाची तरी अ‍ॅलर्जी, नळ्या आतून सुजतात, चिकट द्रव साचतो, भोवतीचा स्नायू आवळतो. बहुतेक वेळा तरुण ते मध्यम वयात सुरू होतो. दुसरं, फुप्फुसातले जंत, आणि हे आपल्याकडच्या मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या बाबतीत विसरलं जातं, कारण गोगलगायीतून तो जंत पालीत, उंदरात, चिमणीत जातो आणि आपलं मांजर पाल खातं. नेहमीची जंताची गोळी दिली म्हणजे हे जंत गेले असं नाही, त्याला बहुतेकदा फेनबेंडाझोलसारखं औषध काही दिवस द्यावं लागतं, आणि शीची साधी तपासणी पण त्याला चुकवू शकते. याशिवाय न्यूमोनिया, डासांतून येणारे हृदयाचे जंत, घशात अडकलेलं काही, म्हाताऱ्या मांजरात गाठ. एक गोष्ट मात्र कुत्र्यांपेक्षा वेगळी आहे, हृदयाचा आजार असलेलं कुत्रं खोकतं, मांजर सहसा खोकत नाही, ते नुसतं भराभर श्वास घेतं.

तूप-एरंडेल पाजायचं म्हणता? पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो आणि ते बाहेर येतं, तेलकट पदार्थाने तो ठसका नीट लागतच नाही आणि तो गुपचूप फुप्फुसात उतरतो. मांजराला धरून, जबडा उघडून, चमच्याने किंवा सिरिंजने तेल ओतणं म्हणजे हा धोका स्वतःहून घेणं, आणि जे मांजर आधीच खोकतंय त्याच्या बाबतीत तो अजून जास्त. असा न्यूमोनिया बरा व्हायला फार अवघड. खरंच केसांचा त्रास असेल तर रोज ब्रशने विंचरा, बस.

धुरीचा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. दम्याच्या मांजराला धूर हाच ट्रिगर असतो. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, घरातली सिगारेट-विडी, रूम स्प्रे, सगळं. कापूर आणि निलगिरीचं तेल तर मांजराला विषारीच आहे, ते अंगावर पडलं की ते चाटून पोटात घेतं, त्यामुळे छातीला बाम चोळणे हा प्रकारही बंद. आणि आपल्या गावाचा विचार करा ना. चादर-टॉवेलचे कारखाने घराला लागून, खिडकीच्या गजावर आणि पंख्याच्या पात्यांवर सुताची पांढरी लव साचते, झाडलं तरी संध्याकाळपर्यंत परत. कितीतरी घरांत बायका घरीच विड्या वळतात, तंबाखूचा भुगा सुपात उघडा असतो आणि मांजर त्याच सुपाशेजारी झोपतं. उन्हाळ्यात धुळीची वावटळ, त्यात शेंगा-लसणाच्या चटणीसाठी मिरच्या भाजल्या की आपणच खोकतो, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर नाक असलेल्या जिवाचं काय होत असेल? यावर उपाय घरातच आहेत आणि फुकट आहेत. माग चालू असताना मांजर वरच्या खोलीत, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, कॉइलऐवजी खिडक्यांना जाळी, देवाला उदबत्ती लावायचीच तर मांजर नसलेल्या खोलीत आणि खिडकी उघडून, शीच्या ट्रेमधली वाळू किंवा लिटर धूळ उडणारं असेल तर बदलून बघणं. मावशीने चंपीचा कारखान्यात जायचा दरवाजा बंद केला तेव्हा ठसके कमी झाले, संपले नाहीत, पण कमी झाले आणि औषधाचा डोस कमी ठेवता आला.

"खातंपितं, खेळतं, मग काय काळजी" हे सगळ्यात फसवं वाक्य. दम्याचं मांजर दोन अटॅकच्या मधे पूर्ण नॉर्मल असतं, उड्या मारतं, मासळी मागतं. तेवढ्यात आत नळ्यांच्या भिंती जाड होत राहतात आणि ते नुकसान नंतर पूर्ण भरून येत नाही. त्यापेक्षा एक साधी मोजणी करा, मांजर गाढ झोपलेलं असताना (गुरगुरताना नाही, उन्हातून आल्याआल्या नाही) छाती वर-खाली होणं म्हणजे एक श्वास, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला 30 च्या आत असावा. रोज 30 च्या वर येत असेल तर डॉक्टरला सांगा, 40 च्या वर असेल तर त्याच दिवशी न्या. तोंड उघडं टाकून धापा टाकणं, हिरड्या निळ्या किंवा पांढऱ्या फटक, मान ताणून बसलेलं आणि आडवंच होत नाही, यातलं काहीही दिसलं तर इमर्जन्सी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या पार जातो म्हणून लोक म्हणतात उन्हाने धापतंय, अहो कुत्रं धापणं नेहमीचं आहे, मांजर धापणं नाही, आणि उन्हाने धापत असेल तरी तेही डॉक्टरकडेच न्यायचं कारण आहे. नेताना छातीशी घट्ट धरू नका, हवेशीर बास्केटमधे ठेवा, तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही.

डॉक्टरकडे जाताना खोकल्याचा व्हिडिओ हवाच, कारण टेबलावर मांजर हटकून खोकत नाही आणि मग "केसांचा गोळा असेल" हेच उत्तर तिथूनही मिळू शकतं. छातीचा एक्सरे मागा. दम्यात नळ्यांच्या भिंती गोल रिंगांसारख्या जाड दिसतात, पण एक्सरे क्लिअर आला म्हणून दमा नाही असं होत नाही, चंपीचा क्लिअरच आला होता. मग जंतांचं औषध देऊन बघतात, रक्त तपासतात, आणि जंत-इन्फेक्शन बाजूला पडलं की स्टेरॉइड सुरू करून फरक बघतात. तपासण्या इथे होत नसतील तर उदगीर आणि शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दर वेळी नुसतं अँटिबायोटिकचं इंजेक्शन मिळत असेल आणि खोकला परत येत असेल तर नम्रपणे विचारा की दमा असू शकतो का. विचारायला लाजू नका.

स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात. गोळ्या मांजरांना प्रेडनिसोलोनच्या देतात, जास्त काळ मोठ्या डोसने शुगरचा धोका असतो हे खरं, म्हणूनच पुढे इन्हेलरवर नेतात. औषध माणसाचंच, फ्लुटिकासोनसारखं, मधे लहान बाळांचा मास्कवाला स्पेसर, म्हणजे इन्हेलर आणि मास्कच्या मधली पोकळ नळी. आधी दोन-चार दिवस नुसता मास्क जमिनीवर ठेवून त्यात खाऊ द्यायचा, मग नाकाला टेकवून लगेच काढायचा, मग इन्हेलर दूर स्पेसरमधे दाबायचा म्हणजे फुस्स आवाजाला ते दचकत नाही, आणि मास्क लावून सात ते दहा श्वास मोजायचे. फ्लुटिकासोनचा पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर गोळी चालू ठेवतात, आणि गोळी मनाने अचानक बंद करायची नाही. सालब्युटामोलचा पंप, म्हणजे आवळलेल्या नळ्या उघडणारं औषध, अटॅकसाठी, तो एकटाच रोज देत राहिल्याने आतली सूज जात नाही. डोस सगळे डॉक्टरनेच ठरवायचे, म्हणून मी आकडे देत नाहीये.

राहिलं ते बाहेर सोडायचं. मांजराचा दमा हा तिच्या स्वतःच्या नळ्यांचा आजार आहे, तो माणसाला लागत नाही. मांजरांच्या सर्दीचे नेहमीचे दोन व्हायरस, हर्पिस आणि कॅलिसी, ते पण मांजरांचेच, माणसाला होत नाहीत. माणसाला मांजरामुळे त्रास होतो तो तिच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रोटीनच्या अ‍ॅलर्जीमुळे, आणि ते प्रोटीन न खोकणाऱ्या मांजरातही तितकंच असतं. घरात कुणाला आधीच दमा असेल तर झोपायच्या खोलीत मांजर नको, पांघरुणं गरम पाण्याने धुवा, त्या माणसाच्या डॉक्टरशी बोला. पण खोकणारं मांजर मार्केट यार्डाजवळ नाहीतर हायवेच्या ढाब्यावर नेऊन सोडलं तर त्याला धूळ आणि डिझेलचा धूर दुप्पट मिळणार, औषध बंद होणार, आणि पहिल्या मोठ्या अटॅकला जवळ कुणी नसणार. हा मेसेज तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका, ज्याने पाठवलाय त्याला फोन करून त्याचं मांजर झोपेत मिनिटाला किती श्वास घेतंय ते मोजायला सांगा.