पेपर छापले, मुलं तशीच
प्राध्यापकांनी स्वतःच्या शिकवण्यावरच संशोधन करावं, असं एका लेखात वाचलं; मुद्दा शंभर टक्के पटला. 2014 साली अमेरिकी संशोधकांनी विज्ञान-इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी जवळपास 34 टक्के मुलं नापास, मुलांना हात-डोकं चालवायला लावणाऱ्या वर्गांत 22. आपल्याकडे संशोधनाचे पेपर छापतात ते बढतीपुरते!

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात तिथे, असतो. परवा मेकॅनिकलचा शेवटच्या वर्षाचा मुलगा इंटर्नशिपला आला. प्रॅक्टिकलचं जर्नल चकाचक, सगळ्या सह्या झालेल्या. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिला, तर झिरो एरर, म्हणजे साधन मिटलेलं असताना ते शून्यच दाखवतं का, हे न बघताच माप सांगून मोकळा. जॉब, म्हणजे बनवायचा भाग, 0.2 मिमीच्या चुकीने वाया गेला. पोरगा हुशार होता हो, दोन दिवसांत शिकला. म्हणाला, कॉलेजात रीडिंग सीनियरच्या फाईलवरूनच उतरवायचो.