हिरोताचा गुडघा आणि आमच्या पोरीचा

रविवारी घरच्या ग्रुपवर भावोजींनी एक फॉरवर्ड टाकला आणि खाली भाचीचं नाव घालून लिहिलं, 'वाच आणि शीक.' त्यातला मजकूर असा: जपानची बॅडमिंटन डबल्स खेळाडू सायाका हिरोता, ऑलिंपिकच्या महिनाभर आधी तिच्या गुडघ्याचं हाड मोडलं, तरी ती जिद्दीनं खेळली आणि टोकियोत सुवर्ण जिंकली. जपानमध्ये मुलं 'दुखतंय' म्हणत नाहीत. आपल्या मुलांचे लाड बंद करा.

हा मजकूर मला याआधी दोन ग्रुपांवर आला होता. तेव्हा सोडून दिला. पण ज्या वेळी भावोजींनी तो टाकला, त्या वेळी भाची माझ्यासमोर दिवाणावर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. चौदा वर्षांची आहे. दहा दिवसांपूर्वी बॅकहँडच्या कोपऱ्यातलं शटल उचलायला गेली, एका पायावर उतरली आणि आत 'कट्ट' झालं असं तीच सांगते. संध्याकाळपर्यंत गुडघा इतका सुजला की वाटी कुठे आहे ते दिसेना. फॉरवर्ड वाचून तिनं टॉवेल बाजूला केला आणि म्हणाली, "मावशी, मी उद्या जाते प्रॅक्टिसला."

म्हणून हे लिहिते आहे.

सुवर्णाचं आधी संपवते, कारण त्याला दोन मिनिटं पुरतात. टोकियो ऑलिंपिकचे अधिकृत निकाल कोणालाही उघडून बघता येतात. 29 जुलै 2021, महिला दुहेरी, उपांत्यपूर्व फेरी: हिरोता आणि युकी फुकुशिमा ही जोडी चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यिफान यांच्याकडून हरली. पहिला गेम जपाननं 21-18 असा घेतला, पुढचे दोन्ही 10-21, 10-21 असे गेले. पदक नाही. सुवर्ण गेलं इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि अप्रियानी रहायु यांना. जपानला महिला दुहेरीचं सुवर्ण मिळालं होतं ते 2016 साली रिओत, आणि ते मात्सुतोमो आणि ताकाहाशी यांनी जिंकलं होतं. लिहिणाऱ्यानं दोन गोष्टी एकत्र शिवल्या आहेत.

हाडही मोडलं नव्हतं. इजा होती उजव्या गुडघ्यातल्या एसीएलला, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधणाऱ्या लिगामेंटला. नडगी पुढे सरकू नये, गुडघा पिळवटू नये, हे काम ती दोरी करते. बॅडमिंटनमध्ये प्रत्येक लंज (पुढे टाकलेलं लांब पाऊल), प्रत्येक उडी, प्रत्येक वळण तिच्याच भरवशावर असतं.

आता खरं काय ते मान्य करायलाच हवं. ती खेळली. गुडघ्याला मोठा ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, बांधून जगातल्या अव्वल जोड्यांसमोर उभी राहिली, गटात सामने जिंकली. सामना संपल्यावर चिनी खेळाडूंनी तिला मिठी मारली. ते धैर्य होतं, आणि ते बघताना माझेही डोळे भरले होते.

पण ती कोण होती तेही बघा. तेव्हा 26 वर्षांची, जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकाच्या जोडीतली व्यावसायिक खेळाडू. 2017, 2018, 2019, सलग तीन जागतिक स्पर्धांच्या अंतिम फेरीत हरलेली, 2020 मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकलेली. घरच्या मैदानावरचं ऑलिंपिक, तेही वर्षभर पुढे ढकललेलं. इजा काय आहे ते तिला नावानिशी ठाऊक होतं, आणि निर्णय तिचा होता. शिवाय ती डबल्स खेळत होती. बाजूला फुकुशिमा होती, जी जास्तीचं कोर्ट अंगावर घेऊ शकत होती. सिंगल्समध्ये ही सोय नसते. त्याच सुमारास स्पेनच्या कारोलिना मारिनच्या डाव्या गुडघ्याला हीच इजा झाली. ती गतविजेती ऑलिंपिक चॅम्पियन, पण टोकियोला गेली नाही. तिला कोणी लाडावलेली म्हणेल का?

भावोजी, आपल्या पोरीचं यातलं काय आहे? ब्रेस नाही. इजेचं नाव नाही, कारण अजून कोणी तपासलेलंच नाही. समोर जिल्हा स्पर्धा आहे. ऑलिंपिक नव्हे. 'कट्ट' आवाज आणि त्याच दिवशी सूज ही एसीएलची नेहमीची खूण आहे, हे कुठलाही खेळाडूंचा डॉक्टर सांगेल. वयात येणाऱ्या मुलींना ही इजा मुलांपेक्षा जास्त होते. तिची हाडं अजून वाढताहेत. सैल गुडघ्यावर खेळत राहिलं की आतली गादी, मेनिस्कस, फाटते, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होईलच असं नाही. "दुखतंय" हे चौदा वर्षांच्या मुलीकडे असलेलं एकमेव साधन आहे, तेच तिच्याकडून काढून घ्यायला हा फॉरवर्ड सांगतो.

जपानी मुलं दुखतंय म्हणत नाहीत, या वाक्याला मी उत्तर देणार नाही. मूल म्हणजे मूल.

फॉरवर्ड संपतो त्याच्यापुढचं त्यात नाही. टोकियोनंतर हिरोताला बराच काळ कोर्टापासून लांब राहावं लागलं. परत आली ती गुडघा सावरल्यावर, आणि एप्रिल 2023 मध्ये दुबईत फुकुशिमासोबत आशियाई विजेतेपद जिंकली. त्याच स्पर्धेत आपला मुंबईचा चिराग शेट्टी सात्विकबरोबर पुरुष दुहेरीत जिंकला, म्हणून आपण सगळ्यांनी ती तुमच्याकडे बसून पाहिली होती. लिगामेंट दुखावलेली असताना ती पदकाविना परतली, आणि बरी होऊन खेळली तेव्हा जिंकली.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "मधे ती काय करत होती?" वाट बघत होती, म्हटलं. पाय सरळ करायला, मग वाकवायला, मग चालायला शिकत होती.

तुम्ही पहाटे साडेपाचला पावसात स्कूटरवर तिला नेता, हे मला माहीत आहे. तुमच्या मनात वाईट काही नाही. जिल्हा स्पर्धेची एंट्री मी ताईला सांगून मागे घेतली आहे. बुधवारी अकराला एमआरआय आहे. गाडी तुम्हीच काढा. आत जाताना ती तुमचाच हात धरेल.