आर्जवाची तालीम

नोकरीनिमित्त मनिलात येऊन पडलेल्या मराठी माणसाने संध्याकाळी काय करावे, याविषयी शास्त्रात काहीच सांगितलेले नसल्यामुळे मी कुंदिमान शिकायला घेतले. कुंदिमान म्हणजे फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेतले आर्जवी प्रेमगीत. फ्रान्सिस्को सांतियागो आणि निकानोर आबेलार्दो या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला मैफलीत मानाने गायले जाईल असे रूप दिले. लय संथ, तीन मात्रांची; आरंभ मायनरमध्ये आणि उत्तरार्ध त्याच षड्जावरच्या मेजरमध्ये, म्हणजे आपल्या हिशेबाने गाण्याच्या मध्यावर कोमल गंधार रजेवर जातो आणि शुद्ध गंधार कामावर रुजू होतो. कागदावर हे फार सोपे दिसते.

माझ्या नशिबी गुरू दोन आले. गाणे शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त आणि निर्दय. पियानोवर साथ करणारे माएस्त्रो त्यांच्याहून वडील, आणि दोघांचे कशावरही पटत नाही. बाई म्हणतात, "शब्दावर थांबा, उसासा येऊ द्या." मी थांबलो, की माएस्त्रो पुढची मात्रा वाजवून मोकळे होतात आणि माझा उसासा एकटाच मागे राहतो. मात्र ओळीच्या शेवटी मी नाट्यसंगीताच्या सवयीने एक छोटीशी तान घेतली, तेव्हा दोघांचे तत्काळ एकमत झाले.

उच्चारांचा जाच वेगळाच. ङ हे अक्षर आपण केवळ वर्णमाला पुरी व्हावी म्हणून पाठ करतो. टागालोगमध्ये त्याने शब्द सुरू होतात. 'ङिती' म्हणजे स्मित, पण तो शब्द म्हणताना मला अद्याप एकदाही हसू आलेले नाही.

खरी अडचण आर्जवाची आहे. कुंदिमानचा नायक प्रेयसीच्या पायाशी जीव ठेवून दयेची याचना करतो, आणि आमच्या घराण्यात प्रेमाची परिसीमा "जेवलीस का?" इथे संपते. "तुम्ही तिची विनवणी करत नाही, थकलेले घरभाडे मागता आहात," असा शेरा बाईंनी मारला. माझी दया येऊन माएस्त्रोंनी इतिहासाचा आधार दिला. स्पेनच्या सत्तेविरुद्धच्या १८९६ च्या क्रांतीच्या काळात 'होसेलिनांग बालिवाग' हे वरवर एका तरुणीच्या स्तुतीचे गाणे क्रांतिकारकांच्या तोंडी होते. पुढे अमेरिकन राजवटीत १९०७ ते १९१९ या काळात फिलिपिनो ध्वज फडकवण्यावरच बंदी होती. अशा दिवसांत प्रेयसीच्या आडून मातृभूमीला आळवणे सोयीचेच होते. हे ऐकून मला हायसे वाटले, कारण प्रेयसीपुढे न वाकणारा माझा कणा मातृभूमीपुढे सहज वाकेल अशी खात्री होती. मी छाती भरून असा काही सूर लावला, की बाईंनी उठून खिडकी बंद केली आणि ही कवायत कोणत्या शाळेची, असे विचारले.

सध्या आम्ही मेजरच्या वळणावर अडलो आहोत. बाईंच्या मते तिथे आशा उगवते. माएस्त्रोंच्या मते नायक फक्त स्वतःची समजूत घालतो. हा वाद कालामान्सीच्या सरबतासह रंगतो आणि मी तोवर सूर धरून ताटकळत उभा असतो. तडजोड म्हणून मी कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमधचा गंधार लावून पाहिला, तर माएस्त्रोंनी पियानोचे झाकण मिटून, या वाद्याला तसली पट्टी नाही, असे अत्यंत अदबीने कळवले.