व्ही का डब्ल्यू?

आमच्या नात्यात इंग्रजीचं खातं माझ्याकडे आहे. लग्न जमवताना कुणीतरी 'मुलगा इंग्रजी पेपर वाचतो' असं मुलीकडच्यांना सांगितलं, त्याची ही फळं. निफाडचे मामा तर पाणी धरलेलं असतानाही फोन करतात.

"द्राक्षबागेला पाटी लावायचीय. वाइन कसं लिहू, व्ही का डब्ल्यू?"

"मामा, वेल म्हणायचंय की दारू?"

"अरे, मी माळकरी माणूस!"

मग व्ही. डब्ल्यू पडला तर शनिवारी मुंबईच्या गाड्या ग्लास मागत बांधावर येतील आणि मागोमाग उत्पादन शुल्क खातं. बोलण्यातही फरक हवा म्हणून मी फोनवरच शिकवलं: व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा. मामांच्या तोंडात तंबाखू. दोन्ही वेळा बाहेर आला तो आपला 'व'च, तोही जपून.

तसे दोन्ही शब्द मूळ लॅटिनमधले. रोमन लोक व्हीचा उच्चार डब्ल्यूसारखा करत, त्या काळात दारू इंग्रजांच्या पूर्वजांकडे पोचली. वेल आला १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर, फ्रेंचांच्या हातून. तोवर उच्चार फिरला होता. म्हणजे आधी दारू, मग सावकाश वेल. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या वाइनरीत रविवारी येणाऱ्या पाहुण्यांचाही क्रम हाच असतो.

"बरं, डॉगरिजचं रूट?" मामांना खुंटरोपांचा, म्हणजे ज्यांच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात त्या रोपांचा, तक्ता करायचा होता; डॉगरिज ही त्यातलीच एक जात. "मुळाचं का बसचं?"

इथं चंबू करून भागत नाही. खुद्द साहेबाच्या तोंडातही मूळ आणि बसचा मार्ग एकसारखेच ऐकू येतात. मुळाला दोन ओ, बसला ओयू, आणि शेवटी ई फुकटचा. मामांनी लिहून घेतलं. बहुधा उलटं.

एवढ्यात मामेभावानं बेदाण्याच्या नव्या पाकिटाचा फोटो पाठवला. वर ठळक अक्षरात 'करंट'. स्पेलिंग विजेचं.

"अरे, खाण्याच्या करंटमध्ये ए असतो! आणि तो बारीक, काळा. ग्रीसमधल्या कोरिंथ गावावरून नाव पडलेला. आपला बेदाणा म्हणजे रेझिन."

"पाकिटं छापून आली," मामा मागून ओरडले. "शेतावर करंट रात्री बाराला येतो. पाकिटात तरी दिवसा मिळू दे."