साहेब, आमचा मोबदला?

फोटोत मी स्पष्ट ओळखू येतो, हेच सगळ्यात वाईट. जरा धूसर आला असता तर दुसरा कोणीतरी असेल म्हणून हात झटकता आले असते, पण हल्ली खेड्यापाड्यात लोकांकडे असले मोबाइल आलेत की कानटोपीतून बाहेर आलेले माझे पांढरे केससुद्धा मोजून घ्यावेत. रेल्वेच्या भरावावर उकिडवा बसलोय, अंगात भडक नारिंगी जाकीट, कानात वायर, आणि मन लावून कुसळाचा फोटो काढतोय. खाली मजकूर: "सावधान!!! हा इसम सकाळपासून लाइनीवर फिरू राहिला. मोजणीवाला आहे का भंगारवाला, चौकशी करावी. पुढे पाठवा." कुठल्याशा गावाच्या ग्रुपवरून निघून तो पाचोऱ्यात माझ्या साडूंपर्यंत पोचला आणि साडूंनी तो मला न पाठवता थेट आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हसून हसून रडणारी तोंडं. "सकाळपासून" म्हणे! तासाभरात परत आलो होतो मी, आणि त्यातलाही अर्धा वेळ कसा गेला ते पुढे सांगतोच.

तर झालं असं की साडूंच्या मळ्यात भरीत पार्टी होती. हिवाळ्यात आमच्याकडे कोणी भरीताला बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत तर पुढच्या लग्नात तुमचं ताट वाढायचं राहून जातं. काड्यांवर वांगी भाजायला अवकाश होता, साडू कोणत्या गावचं वांगं खरं यावर वाद घालत होते (हा वाद आमच्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे, हिरव्या वांग्याला बी किती असावं यावर खानदेशात भाऊबंद तुटलेले आहेत), म्हणून म्हटलं आपण जरा पाय मोकळे करून येऊ. डॉक्टरांनी रोज चाला सांगितलंय. आता जळगावात चालायचं म्हणजे कुठे ते डॉक्टर सांगत नाहीत. फुटपाथवर एकतर गाड्या लागलेल्या किंवा मधेच डीपी, कॉलनीतला जॉगिंग ट्रॅक म्हणजे अर्ध्या फरशा गायब, आणि मोठ्या रस्त्याच्या कडेने निघावं तर डंपर अशी धूळ घालतो की घरी आल्यावर आधी आंघोळ आणि मग चहा. असो, ते रडगाणं नंतर.

पाचोऱ्याची पीजे माहीत असेलच. पाचोरा-जामनेर, अडीच फुटी नॅरोगेज, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत 56 किलोमीटर जायची. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली, आणि आता ब्रॉडगेज करायचं म्हणून ती छोटी गाडी काही परत सुटली नाही. माझा भाचा राहतो जर्सी सिटीत. त्याने नुकताच न्यूयॉर्कच्या त्या हाय लाइनवर (बंद पडलेल्या रेल्वेलाइनीवर केलेला बगीचा) सेल्फ-गाइडेड वॉक केला, म्हणजे मोबाइलवर नकाशा उघडायचा आणि आपलं आपण वाचत चालायचं, आणि प्रत्येक थांब्यावर उभं राहून मला व्हॉइस नोट पाठवली. वर सल्ला, "मामा, तुमच्याकडे पण आहे ना बंद पडलेली लाइन, तुम्ही करा की असा वॉक, आणि मी दिलेलं जाकीट घाला." ते जाकीट तिकडे पहाटे पळणारे लोक घालतात, गाडीवाल्याला लांबून दिसावं म्हणून. तर मी ते घालून, कानात भाच्याचा आवाज लावून, भरावावर चढलो. तो बोलत होता मॅनहॅटनमधून, आणि मी चालत होतो बाभळीतून.

आणि खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं फार छान गेली. भाचा सांगत होता की तिकडे आधी मालगाड्या सरळ रस्त्यावरूनच जायच्या, दहाव्या अव्हेन्यूवर इतकी माणसं मरायची की लोक त्याला डेथ अव्हेन्यूच म्हणायचे, मग गाडीच्या पुढे लाल झेंडा घेऊन घोडेस्वार पळवायला लागले. शेवटी 1934 साली रूळच उचलून तीस फूट वर नेले आणि गाडी थेट कारखान्यांच्या इमारतींच्या पोटातून न्यायला लागले, त्यातला एक तर ओरिओ बिस्किटाचा. मी मस्त ऐकतोय, ऊन कोवळं आहे, कुसळावर दव आहे, त्याचा फोटो काढायला बसलो, आणि मागून आवाज आला.

"आले का तुम्ही एकदाचे!"

वळून पाहिलं तर एक बाबा. धोतर, अंगात स्वेटर, डोक्यावर मफलर बांधलेला, हातात काठी, आणि आजूबाजूला बकऱ्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वाटलं कोणी लांबचे नातेवाईक असतील.

म्हटलं, "बाबा, मी नुसता फिरायला आलोय."

"हां हां, फिरायलाच येता तुम्ही. मागच्या टायमाला बी दोघं येल होते, ते बी फिरायलाच. लाल निशाण्या मारून गेले."

"नाही हो, मी रेल्वेचा नाही. बँकेत होतो. रिटायर झालो."

हे मात्र बोलायला नको होतं, कारण बँक म्हटल्यावर त्यांचा चेहरा आणखीनच उजळला. "म्हंजे पैसे तुमच्याकडून येतीन!"

आता इथे तुम्ही असता तर काय केलं असतं? मी समजवायला बसलो. माझा स्वभावच तो, काउंटरवर लोकांना फॉर्म भरायला शिकवण्यात आयुष्य गेलं. म्हटलं, बाबा, ऐका, अमेरिकेत न्यूयॉर्क म्हणून शहर आहे, तिथे अशीच एक लाइन बंद पडली, तिच्यावर त्यांनी बगीचा केलाय, लोक तिथे फिरतात, तसा मी इथे फिरतोय.

"काम काय पन?"

"काम काही नाही. चालायचं, बघायचं."

"दाखवतं कोन?"

"कोणी नाही. आपलं आपण."

बाबांनी माझ्याकडे जाकिटापासून बुटापर्यंत पाहिलं. एक बकरी पण पाहत होती. "भाऊ, बिनकामाचा मानूस एवढं भारी जाकीट घालून बाभळीत नाही घुसत," ते म्हणाले, आणि तिथेच दगडावर बसले, म्हणजे आता हे लवकर संपणार नव्हतं. "बरं, ती अमेरिकेची लाइन काऊन बंद पडली?"

"ट्रक आले. माल रस्त्याने जायला लागला. शेवटची गाडी 1980 साली गेली, तिच्यात बर्फात गोठवलेल्या टर्की होत्या."

"टर्की?"

"मोठी कोंबडी समजा."

"कोंबड्यांसाठी रेल्वे होती! आन् आमच्या मानसाची बंद केली." हे त्यांनी बकरीला सांगितलं. "मंग?"

मग वीसेक वर्षं तशीच पडून राहिली, म्हटलं, तिच्यावर आपोआप गवत उगवलं, रानफुलं आली, आणि खालचे जमीनवाले म्हणायला लागले पाडा हे धूड. 2001 साली महापौराने पाडायच्या कागदावर सही पण केली. पण 1999 पासून दोन साधे रहिवासी, जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड, मागे लागले होते की हे वाचवा. एका फोटोग्राफरने वर्षभर वर जाऊन त्या गवताचे फोटो काढले, ते पाहून लोक हळहळले, आणि शेवटी 2009 मध्ये पहिला तुकडा उघडला, मग 2011, मग 2014. आता 2.3 किलोमीटर आहे, तिकीट नाही. रूळ काढताना प्रत्येकाला नंबर टाकून ठेवले होते, त्यातले बरेच परत जागच्या जागी बसवले आणि मधून जसं रान आपोआप उगवलं होतं तशीच झाडं लावली.

"थांबा, थांबा. गवत उगेल होतं, ते काढलं, आन् मंग तसंच गवत इकत आनून लावलं?"

"म्हणजे... हो."

"आमच्या इथं बी उगेल आहे. फुकट. कोन नाही येत पाहायला." मग जरा विचार करून, "बकऱ्या सोडू देता का तिथं?"

"कुत्रंसुद्धा नेता येत नाही."

"बकरीचं काही लिहेल आहे का?"

बकरीचं काय लिहिलंय ते भाच्याच्या व्हॉइस नोटमध्ये नव्हतं. मी गप्प बसलो. इथेच निघायला हवं होतं, पण मी उठतोय तोवर बाबांनी अगदी सहज, काठीने माती उकरत, खरा प्रश्न टाकला.

"आन् ते खालचे जमीनवाले, पाडा म्हननारे, ते कसे काय गप बसले?"

आता मी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो, मला हे माहीत होतं, आणि माहीत असलेलं पोटात ठेवता येत नाही. म्हटलं, त्यांना टीडीआर दिला. म्हणजे तुमच्या जागेवर जेवढं बांधता आलं असतं तेवढं बांधायचा हक्क आजूबाजूच्या दुसऱ्या जागेवर विका आणि पैसे घ्या.

बाबा उभेच राहिले. "म्हंजे मोबदला भेटला!"

"एका अर्थी..."

"एका अर्थी नाही भाऊ, भेटला! आन् बगीचा झाल्यावर आजूबाजूच्या जागेचा भाव?"

"प्रचंड वाढला. आता तिथे साध्या माणसाला भाडंसुद्धा परवडत नाही."

"हां!" एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की मला एकदम लहान वाटलं. मी मघापासून त्या फुलांची, त्या घोडेस्वारांची, त्या लाकडी बाकांची गोष्ट कानात घालून फिरतोय, भाच्याने पंधरा-वीस व्हॉइस नोट खर्च केल्यात, आणि न्यूयॉर्क कधी नकाशातही न पाहिलेल्या माणसाने बकऱ्या हाकता हाकता त्या अख्ख्या बगीच्याचा सातबारा वाचून दाखवला. राग आला हो मला. अजून येतो.

मग त्यांनी खिशातून मोबाइल काढून मुलाला फोन लावला. "कागदं घेऊन ये. हो, सायेब भेटले. नाही रे, नाही म्हनतात पन आहेत. अमेरिकेतलं बी सगळं माहीत आहे त्यांना."

मुलगा मोटरसायकलवर आला. तो उतरल्या उतरल्या आधी मोबाइल खिशात ठेवत होता, त्याचा अर्थ मला काल कळला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ अ, नकाशाची झेरॉक्स, अर्जाची झेरॉक्स, आणि त्या अर्जावर पोच म्हणून मारलेल्या शिक्क्याची पुन्हा वेगळी झेरॉक्स. सगळं घडी घालून घालून घडीवर फाटायला आलेलं. मी म्हटलं भाऊ, मी खरंच कोणी नाही. तो म्हणाला, "साहेब, तिथं बी सगळे हेच सांगतात."

यावर काय बोलणार? त्याचं खोटं नव्हतं. मी स्वतः किती जणांना सांगितलंय, हे माझ्या टेबलाचं काम नाही, पलीकडे विचारा. पण त्यांच्या तिथे कोणी ऐकून घेत नाही म्हणून वाटेने जाणाऱ्याला धरायचं, हा काय न्याय झाला? आणि मला चालू द्यायचं नाही हा कुठला न्याय? शहरात चालावं तर जागा नाही, इथे जागा आहे तर कारण दाखवा. आपल्याकडे माणूस रस्त्याने जाताना दिसला की तो एकतर कामाला निघालाय, नाहीतर कोणाच्या मयताला, नाहीतर चोर आहे. बायका तर विचारूच नका, माझी बायको कॉलनीत चक्कर मारायला निघाली तरी हातात दुधाची पिशवी घेऊन निघते, आणि रिकामी पिशवी तशीच घेऊन परत येते. मी आजवर हसायचो तिला.

शेवटी कागद घेतले. घेतल्याशिवाय ते सोडत नव्हते. मुलाने माझ्या नंबरवरून स्वतःला मिस कॉल देऊन घेतला आणि माझ्यासमोर सेव्ह केला, "रेल्वे साहेब जळगाव". बाबांनी जाताना चार बोरं हातावर ठेवली, आणि मधल्या वेळात एका बकरीने माझ्या इअरफोनची वायर चावून टाकली, त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. पुढचा वॉक, म्हणजे ते तिसावी गल्ली, हडसन यार्ड्स वगैरे, माझं ऐकायचंच राहिलं. मळ्यात पोचलो तर भरीत संपत आलेलं, कळण्याच्या पुऱ्या थंड, आणि साडू विचारतात, "कुठे होतात एवढा वेळ?"

भाच्याला सगळं सांगितलं तर तो म्हणतो, "मामा, किती ऑथेंटिक!" आणि त्याने मला पॅरिसच्या तसल्याच बागेची लिंक पाठवली, ती म्हणे 1993 पासून आहे आणि याच्यापेक्षा लांब आहे. मी उघडली नाही.

काल दुपारी मी झोपलो होतो. फोन वाजला, बायकोने उचलला. अर्धवट झोपेत मला तिचा आवाज ऐकू येत होता, अगदी गोड आणि ठाम, "हो, कागद मिळालेत. नाही, साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी करा."

उठून मी ओरडलोच, अगं, असं कशाला सांगितलंस, आता तो सोमवारी करेल ना! तर ती भांडी पुसत शांतपणे म्हणाली, "तुम्ही बँकेत असताना घरी फोन आला की हेच सांगायला लावायचात. मला वाटलं अजून तसंच सांगायचंय."