लेबल लावलं, पुढे काय?

ओपन सोर्स प्रकल्पांत (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो) एखाद्या कामाला 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे 'नवख्यांसाठी सोपं काम', हे लेबल लावलं की नवखे आपोआप येतात, हे नवख्यांना आणण्याबद्दलच्या लेखातलं म्हणणं अर्धंच खरं आहे. येतात हो, पण टिकत नाहीत. माझा पहिला पॅच (कोडमधला बदल) म्हणजे एरर मेसेजमधल्या एका शब्दाची दुरुस्ती. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, टाकली, सीआय, म्हणजे आपोआप होणारी तपासणी, लाल झालं (कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, हा बदल द्यायचा हक्क मला आहे असं सांगणारी 'साइन्ड-ऑफ-बाय' ची ओळ नव्हती, एवढंच!) आणि पुढे दीड महिना कोणी फिरकलंच नाही. शेवटी बॉटने 'स्टेल' (शिळी) म्हणून ती बंद केली. दुसऱ्या प्रकल्पात नेमकी तीच चूक केली, तर त्याच संध्याकाळी मेंटेनरचं (प्रकल्प सांभाळणाऱ्याचं) उत्तर: "बदल छान आहे. कमिट अमेंड करून साइन-ऑफ टाक आणि फोर्स पुश कर, मी बघतो." (म्हणजे तीच नोंद सुधारून पुन्हा पाठवायची.) तिथे मी अजून आहे.

आणि लेखातलं बक्षिसांचं कौतुक जरा आवरा. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावण्याचा उपक्रम) बक्षिसाच्या टी-शर्टपायी रीडमीत (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) कुठलाही शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा असा पूर आला की ऐन ऑक्टोबरात आयोजकांना नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून सामील होतील तेवढेच धरायचे. मेंटेनर वैतागतात ते उगाच नाही. फक्त तो वैताग निघतो मनापासून काम करायला आलेल्यावर.